तुम्ही उघडलेल्या वेबसाइटमधला कोड नेमका कुणाचा असतो? एका फसव्या ईमेलनं उघडं पाडलेलं सत्य

‘आज रात्री साडेनऊ वाजता तुमची वीज तोडली जाईल, लगेच या नंबरवर फोन करा.’ असा मेसेज तुमच्या घरातल्या कुणाला तरी नक्की आला असेल. घाबरवायचं, मुदत द्यायची आणि विचार करायला वेळच द्यायचा नाही, एवढीच त्यातली युक्ती. आता तुम्ही म्हणाल, अशा मेसेजला आपले आजोबा फसू शकतात, कम्प्युटर कोळून प्यालेला माणूस कशाला फसेल?

तर सप्टेंबर २०२५ मध्ये तोच फसला. मोठा अनुभव असलेल्या एका प्रोग्रॅमरला ईमेल आला. तुमच्या खात्याचं टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन जुनं झालंय, ते अपडेट करा, नाहीतर १० सप्टेंबरपासून खातं लॉक होईल, असा त्याचा आशय होता. ईमेल ‘एनपीएमजेएस डॉट हेल्प’ या पत्त्यावरून आला होता. खरा पत्ता ‘डॉट कॉम’चा आहे. फरक फक्त शेवटच्या शब्दाचा. त्यानं लिंक उघडली, माहिती भरली आणि चोरांच्या हाती किल्ली गेली.

किल्ली कशाची? तर आठवड्याला २०० कोटींहून जास्त वेळा डाउनलोड होणाऱ्या १८ पॅकेजेसची. हा आकडा पृथ्वीवरच्या माणसांच्या संख्येच्या पाव भागाएवढा आहे, आणि ती पॅकेजेस सांभाळणारा हा माणूस कुठल्या मोठ्या कंपनीचा सीईओ वगैरे नव्हता. मोकळ्या वेळात, फुकट काम करणारा एक डेव्हलपर होता.

८ सप्टेंबरला, भारतीय वेळेनुसार संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास, या पॅकेजेसच्या नव्या आवृत्त्या बाहेर पडल्या. त्यांच्या आत चोराचा कोड होता. तो जगभरातल्या वेबसाइट्सच्या पोटात जायला लागला, कुणीही काहीही चुकीचं न करता. हे कसं शक्य झालं, ते समजून घ्यायचं तर आधी वेबसाइट बनते कशी हे बघावं लागेल.

दहा वस्तूंसाठी दुकानात दहा चकरा

तुम्ही ब्राउझरमध्ये एखादी साइट उघडता तेव्हा तुम्हाला दिसणारा, क्लिक करता येणारा जो भाग असतो त्याला फ्रंट-एंड म्हणतात. तो चालतो जावास्क्रिप्ट या भाषेवर. ही भाषा १९९५ मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केप कंपनीत असताना अवघ्या दहा दिवसांत तयार केली होती. तेव्हा तिचं काम होतं फॉर्ममध्ये नाव भरलंय की नाही ते तपासण्यासारखं किरकोळ. आज त्याच भाषेत आख्खं ईमेल, नकाशे, बँका चालतात.

किरकोळ काम होतं तोवर सगळं एका फाइलमध्ये मावत होतं. काम वाढलं तसं डेव्हलपर्सनी कोडचे तुकडे केले. तारीख दाखवायचा कोड एका फाइलमध्ये, बटणाचा दुसऱ्या, लॉगिनचा तिसऱ्या. लिहिणाऱ्याला हे सोयीचं. पण ब्राउझरला प्रत्येक फाइल सर्व्हरकडून वेगळी मागावी लागते. म्हणजे आईनं मीठ आणायला पाठवलं, घरी आलात तर साखर राहिली म्हणून परत पाठवलं, मग जिरं. त्यातही जुन्या पद्धतीत ब्राउझर एका सर्व्हरकडे एका वेळी साधारण सहाच कनेक्शन उघडायचा. शंभर फाइल्स असतील तर रांगच लागायची. शिवाय क्रम चुकला, म्हणजे जी फाइल आधी हवी ती नंतर आली, तर पान कोरंच राहायचं.

यावर उत्तर निघालं बंडलरचं. नावातच काम आहे. सगळ्या फाइल्सचं गाठोडं बांधायचं आणि एकदाच पाठवायचं. २०११ मध्ये ब्राउझरिफाय आलं, २०१२ मध्ये वेबपॅक, आणि पुढे बराच काळ वेबपॅकचंच राज्य होतं. आता नव्या प्रोजेक्टसाठी बरेच जण व्हीट वापरतात. (स्पेलिंगवरून ‘वाइट’ वाटतं, पण शब्द फ्रेंच आहे, अर्थ ‘लवकर’. नाव सार्थ आहे, वेबपॅकवर मिनिटभर थांबलेल्या कुणालाही विचारा.)

बंडलर नुसतं बांधत नाही. तो एका मुख्य फाइलपासून सुरू करतो, तिनं कोणती फाइल मागवलीय ते बघतो, त्या फाइलनं पुढे कुणाला बोलावलंय ते बघतो आणि असा सगळा वंशवृक्ष काढतो. मग न वापरलेला कोड झाडून टाकतो. याला ते लोक ‘ट्री शेकिंग’ म्हणतात, झाड हलवून वाळकी पानं पाडायची. नंतर कोडमधल्या मोकळ्या जागा, लांब नावं काढून सगळं दाबून बसवतो. शेवटी फाइलच्या नावाला एक विचित्र आकडे-अक्षरांचं शेपूट लावतो. आतला मजकूर बदलला की शेपूट बदलतं, त्यामुळे ब्राउझरला कळतं की जुनी साठवलेली फाइल चालेल की नवी आणायची.

इथवर सगळं छान आहे. अडचण त्या वंशवृक्षात आहे. तो फक्त तुम्ही लिहिलेल्या फाइल्सपाशी थांबत नाही.

पाहुण्याबरोबर आलेले पाहुणे

आजचा कुठलाच डेव्हलपर सगळा कोड स्वतः लिहीत नाही. तयार तुकडे उचलतो. हे तुकडे म्हणजे पॅकेज, आणि त्यांचं जगातलं सगळ्यात मोठं कोठार म्हणजे एनपीएम. ते २०१० मध्ये सुरू झालं. २०२० मध्ये गिटहबनं ते विकत घेतलं, आणि गिटहब त्याआधीच २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टनं घेतलं होतं. थोडक्यात हे कोठार आज मायक्रोसॉफ्टच्या छत्राखाली आहे, पण आतला माल जगभरातल्या लाखो लोकांनी आणून ठेवलेला.

तुम्ही एक पॅकेज मागवता. त्याला चालायला आणखी पाच लागतात. त्या पाचांना प्रत्येकी आणखी काही. लग्नाला एकाला आमंत्रण द्यावं आणि त्याच्याबरोबर त्याच्या साडूचे शेजारी यावेत, तसं. हिंजवडीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं मला हे समोर करून दाखवलं. रिॲक्टचा कोरा प्रोजेक्ट सुरू करायची ‘क्रिएट रिॲक्ट ॲप’ नावाची एक जुनी पद्धत होती, जी २०२५ च्या सुरुवातीला अधिकृतरीत्या बंद म्हणून जाहीर झाली. त्यात स्वतःची एक ओळही लिहिण्याआधी हजाराहून जास्त पॅकेजेस कम्प्युटरवर उतरायची. मी विचारलं, यातली तू किती उघडून वाचलीस? ती नुसती हसली.

हसण्यात तिचा दोष नाही. कुणीच वाचत नाही. वाचणं शक्यच नाही.

सप्टेंबरमध्ये चोरांच्या हाती लागलेली ‘चॉक’ आणि ‘डीबग’ ही दोन पॅकेजेस घ्या. पहिलं काय करतं? डेव्हलपरच्या काळ्या स्क्रीनवरच्या अक्षरांना रंग देतं. दुसरं, प्रोग्रॅम चालताना मधल्या नोंदी छापायला मदत करतं. इतकी साधी कामं. पण साधी आहेत म्हणूनच ती प्रत्येकाला लागतात, आणि म्हणूनच ती हजारो इतर पॅकेजेसच्या पोटात आहेत.

याची पहिली जाहीर झलक मिळाली २२ मार्च २०१६ रोजी. अझर कोचुलू नावाच्या डेव्हलपरचं ‘किक’ नावाचं पॅकेज होतं. त्याच नावाच्या मेसेजिंग कंपनीला ते नाव हवं होतं. वाद झाला, एनपीएमनं नाव कंपनीला दिलं. कोचुलू भडकले आणि त्यांनी आपली २५० हून जास्त पॅकेजेस कोठारातून काढून टाकली. त्यात एक होतं ‘लेफ्ट-पॅड’. अवघ्या ११ ओळींचं. आकड्याच्या डावीकडे शून्य किंवा जागा भरून त्याची लांबी वाढवणं, एवढंच त्याचं काम.

त्या ११ ओळी गायब झाल्या आणि जगभरातल्या कंपन्यांचे बिल्ड धडाधड पडायला लागले, कारण रिॲक्ट आणि बेबेलसारख्या मोठमोठ्या प्रोजेक्ट्सच्या वंशवृक्षात कुठेतरी खोलवर तो बसला होता. शेवटी एनपीएमनं मालकाच्या इच्छेविरुद्ध ते पॅकेज परत आणलं आणि नंतर नियम बदलला की इतरांना लागणारं पॅकेज असं मनात आलं म्हणून काढता येणार नाही. त्या वेळी बहुतेकांनी यावर मीम बनवले. पण त्यातला गंभीर प्रश्न, पॅकेज गायब होण्याऐवजी त्यात कुणी विष कालवलं तर, तो तेव्हाच समोर होता.

दोनच वर्षांत ते झालंही. ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय पॅकेजचा मूळ लेखक ते वापरतही नव्हता. एका अनोळखी माणसानं मदत करतो म्हटलं, यानं जबाबदारी सोपवून टाकली. त्या अनोळखी माणसानं आत बिटकॉइन चोरणारा कोड घुसवला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तो सापडला. मूळ लेखकाला लोकांनी खूप शिव्या घातल्या. मला ते पटत नाही. ज्याला पाच पैसे मिळत नाहीत, त्यानं जन्मभर फुकट राखण करावी अशी अपेक्षा कुणी आणि का ठेवायची?

चोर गाठोड्यातून आला कसा?

परत ८ सप्टेंबरकडे येऊ. घुसवलेला कोड सर्व्हरसाठी नव्हता, तुमच्या-माझ्या ब्राउझरसाठी होता. एखादा माणूस वेबसाइटवर क्रिप्टो वॉलेट जोडून पैसे पाठवायला गेला की हा कोड मधल्या मध्ये समोरच्याचा पत्ता बदलून चोराचा पत्ता टाकायचा. तोही कसा? मूळ पत्त्याशी जास्तीत जास्त मिळताजुळता दिसणारा पत्ता निवडून, म्हणजे सहज नजर टाकली तर फरक कळू नये.

आता यात बंडलरची भूमिका बघा. कंपनीतला डेव्हलपर काहीतरी छोटा बदल करतो, समजा बटणाचा रंग. बदल अपलोड करतो. सर्व्हरवर नव्यानं बिल्ड सुरू होतं, पॅकेजेस उतरतात, बंडलर सगळं एकत्र बांधतो, दाबतो आणि साइटवर चढवतो. बंडलरला चांगला कोड आणि वाईट कोड यात फरक कळत नाही. ते त्याचं कामच नाही. उलट दाबून बसवल्यामुळे चोराचा कोड बाकीच्यात इतका मिसळतो की नंतर डोळ्यांनी शोधणं अवघड. आणि फाइल कंपनीच्याच डोमेनवरून येते, त्यामुळे ब्राउझरलाही शंका घ्यायला जागा नाही.

इथे आवृत्तीचा एक बारकावा महत्त्वाचा आहे. प्रोजेक्टच्या यादीत पॅकेजच्या आवृत्तीपुढे बहुतेक वेळा छोटं टोपीसारखं चिन्ह असतं. त्याचा अर्थ: ही आवृत्ती, किंवा हिच्यानंतर आलेली छोटी सुधारणा, जी मिळेल ती द्या. हेतू चांगला, म्हणजे दुरुस्त्या आपोआप मिळाव्यात. पण त्याच दारानं विषारी आवृत्तीही आपोआप येते. ज्यांनी ‘लॉकफाइल’ म्हणजे नेमकी कुठली आवृत्ती वापरायची याची नोंद जपली आणि बिल्ड करताना तीच काटेकोर पाळली, ते वाचले. ज्यांनी त्या दोन तासांत नव्यानं पॅकेजेस ओढली, ते सापडले.

हो, दोन तास. इतक्यातच भांडं फुटलं. आणि फुटलं कसं, तर चोराच्याच निष्काळजीपणानं. एका डेव्हलपरचं बिल्ड अचानक पडलं. एरर होती की ‘फेच’ नावाची गोष्ट सापडत नाही. ‘एरर-एक्स’ नावाच्या एका छोट्या पॅकेजला ‘फेच’ची गरज काय, म्हणून आत बघितलं तर न वाचता येणारा, मुद्दाम गुंतवलेला कोड. चोरानं कोड ब्राउझरसाठी लिहिला होता, जुन्या नोडवर तो चाललाच नाही. दुसरीकडे सुरक्षा कंपन्यांनाही सुगावा लागला होता. पॅकेजेसच्या मालकानं लपवाछपवी न करता, आपण फसलो हे उघडपणे मान्य केलं आणि साफसफाई सुरू झाली.

चोरांच्या हाती लागलेली रक्कम किरकोळ होती. पण ‘विझ’ या क्लाउड सुरक्षा कंपनीच्या पाहणीत, तेवढ्या वेळात किमान १० टक्के क्लाउड वातावरणांमध्ये हा कोड पोचलेला दिसला. या कोडनं क्रिप्टोऐवजी लॉगिनचे पासवर्ड गोळा केले असते तर? ते झालं नाही याचं श्रेय कुणाच्या सावधपणाला द्यावं असं मला दिसत नाही. चोराला काय हवं होतं, एवढ्यावरच ते ठरलं.

आठवड्याभरातच त्याहून वाईट आलं. ‘शाई-हुलुद’ नावाचा किडा. ‘ड्यून’ कादंबरीतल्या वाळूतल्या महाकाय किड्यावरून ठेवलेलं नाव. हा किडा पॅकेज उतरवताक्षणी आपोआप चालायचा, डेव्हलपरच्या कम्प्युटरवरच्या गुप्त किल्ल्या शोधायचा, त्या सार्वजनिक गिटहबवर टाकायचा आणि त्याच किल्ल्या वापरून त्या डेव्हलपरच्या इतर पॅकेजेसमध्ये स्वतःची प्रत घुसवायचा. म्हणजे पुढचा शिकार शोधायला माणसाची गरजच नाही. ५०० हून जास्त पॅकेजेस बाधित झाली. नोव्हेंबरमध्ये दुसरी लाट आली, २५ हजारांहून जास्त गिटहब रिपॉझिटरीजमध्ये तिच्या खुणा सापडल्या, आणि या वेळचा किडा जास्त क्रूर होता. चोरायला काही मिळालं नाही की तो कम्प्युटरवरच्या फाइल्सच पुसायचा प्रयत्न करायचा.

मग गाठोडं बांधूच नये का?

हा उपाय सोशल मीडियावर बराच फिरतोय. ब्राउझर आता स्वतःच मॉड्यूल्स समजतात, नव्या एचटीटीपी/२ पद्धतीत अनेक फाइल्स एकाच कनेक्शनवरून येतात, मग बंडलर हवाच कशाला? लागेल ती लायब्ररी थेट बाहेरच्या सर्व्हरवरून मागवा.

हे करून झालंय आणि त्याचा निकालही लागलाय. ‘पॉलिफिल डॉट आयओ’ ही सेवा जुन्या ब्राउझर्सना नव्या सुविधा पुरवायची. हजारो साइट्सनी तिची एक ओळीची लिंक आपल्या पानावर टाकून ठेवली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते डोमेन ‘फनल’ या चीनशी संबंध असलेल्या कंपनीच्या हाती गेलं. सेवेचे मूळ निर्माते अँड्र्यू बेट्स यांनी तेव्हाच, ही लिंक काढून टाका, असा इशारा दिला होता. जूनमध्ये ती फाइल मोबाइलवरच्या काही लोकांना जुगाराच्या साइट्सकडे वळवायला लागली. एक लाखाहून जास्त साइट्सवर ती लिंक होती. शेवटी क्लाउडफ्लेअरनं आपल्या ग्राहकांच्या पानांवरच्या लिंका आपोआप बदलल्या आणि नेमचीपनं डोमेनच बंद केलं.

बंडल केलेली फाइल निदान बिल्डच्या वेळी जशी होती तशी गोठते. बाहेरून मागवलेली फाइल रोज, न सांगता बदलू शकते. माझ्या मते पॉलिफिल प्रकरणानंतर तरी ‘बंडल नको’वाल्यांनी हा हिशेब नीट मांडायला हवा.

गाठोड्याचं वजन हा मात्र खरा प्रश्न आहे. आज मोबाइलवरच्या सरासरी पानात अर्धा एमबीच्या वर निव्वळ जावास्क्रिप्ट असतं. डेटा स्वस्त झाला म्हणून हे चालून जातं असं शहरातल्या ऑफिसात बसून वाटतं. पण जावास्क्रिप्ट फोटोसारखं नसतं. ते उतरवल्यावर फोनच्या प्रोसेसरला वाचावं आणि चालवावंही लागतं. सात-आठ हजारांच्या फोनवर, एक-दोन काड्यांच्या नेटवर्कवर, फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी पांढरा स्क्रीन बघत बसलेल्या माणसाला ते अर्धा एमबी किती जड असतं ते विचारा. यावर ‘कोड स्प्लिटिंग’ म्हणून सोपा उपाय आहे: मुख्य पानाला लागेल तेवढंच आधी पाठवायचं, बाकीचं त्या त्या पानावर गेल्यावर. फार अवघड नाही, करायची इच्छा लागते.

आणि गाठोड्यात काय आहे हे कुणालाही उघडून बघता येतं, हेही लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲपलनं ॲप स्टोअरची नवी वेबसाइट आणली, तेव्हा ‘सोर्स मॅप’ म्हणजे दाबलेला कोड पुन्हा मूळ रूपात वाचायची किल्ली बंद करायचं राहून गेलं. कुणीतरी सगळा फ्रंट-एंड कोड उतरवून गिटहबवर टाकला. ॲपलकडून हे राहतं, तर पासवर्ड किंवा एपीआय की फ्रंट-एंडमध्ये ठेवणाऱ्या नवख्या टीम्सचं काय होत असेल याचा अंदाज करा.

आता बदललंय काय?

गिटहबनं पॅकेज प्रसिद्ध करायचे नियम कडक केले. वर्षानुवर्षे चालणारी जुनी ‘क्लासिक’ टोकन्स डिसेंबर २०२५ मध्ये रद्द झाली, नव्यांना ठरावीक मुदत आली. फसव्या ईमेलला बळी पडणार नाही अशा प्रकारच्या लॉगिनवर भर आला. ‘पीएनपीएम’ या पर्यायी साधनानं २०२५ च्या सुरुवातीलाच पॅकेज उतरताना आपोआप कोड चालणं बंद केलं होतं. सप्टेंबरमध्ये त्यात ‘अमुक तास जुनी झाल्याशिवाय आवृत्ती घेऊच नकोस’ अशी सोय आली. भाजी ताजी घ्यावी, पॅकेज थोडं शिळं. ८ सप्टेंबरचं विष दोन तासांत सापडलं होतं, म्हणजे एका दिवसाची वाट बघणारा प्रत्येक जण वाचला असता.

भारतात सर्ट-इननं ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘एसबॉम’बद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या आणि जुलै २०२५ मध्ये त्या वाढवल्या. एसबॉम म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये कुठला कुठला कोड आहे याची यादी, बिस्किटाच्या पुड्यावर घटक लिहिलेले असतात तशी. सेबीनं शेअर बाजारातल्या संस्थांच्या महत्त्वाच्या यंत्रणांसाठी ही यादी मागायला सुरुवात केली आहे. यादीनं हल्ला थांबत नाही. पण हल्ला झाल्यावर ‘आपल्याकडे ते पॅकेज आहे का?’ या प्रश्नाचं उत्तर चार दिवसांऐवजी चार मिनिटांत मिळतं. तुमच्या-माझ्या बाजूनं करण्यासारखं फारच थोडं आहे: पैसे पाठवताना पत्ता पूर्ण तपासा, नुसती पहिली-शेवटची चार अक्षरं नको.

पैशाचा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. चॉक वापरणाऱ्या कंपन्यांची उलाढाल अब्जावधींची आहे.

आणि हो, लेफ्ट-पॅडचं काय झालं? जावास्क्रिप्टमध्ये २०१७ पासून तेच काम करणारी सोय भाषेतच आहे. ते पॅकेज वापरू नका असा शिक्काही एनपीएमवर त्याच्यावर मारलेला आहे. तरीही ते दर आठवड्याला लाखो वेळा डाउनलोड होतं.